बाईंचं एक सत्र

"उठू काय वं?" असं बाई वर्गात शेजारणीला विचारायच्या आणि उत्तराच्या आत उठलेल्या असायच्या. मग खिडकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायच्या, सोडायच्या. सर फळ्यावर क्रियापदं लिहीत असायचे. बाई तिथूनच ती म्हणून दाखवायच्या आणि परत येऊन बाकाच्या अगदी कडेला टेकायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. समोर ताट असलं तरी निघायच्या तयारीत असल्यासारखी वाटणारी.

आमचा जर्मन भाषेचा वर्ग नागपूरला सीताबर्डीवरच्या एका कॉलेजात संध्याकाळी भरायचा. मी एम.ए. करत होते. वर्गात बहुतेक माझ्याच वयाचे. बाई तेवढ्या पस्तिशीच्या. इतवारीतल्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणायचे. सरसुद्धा. यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला, घरी बारा-तेरा वर्षांची मुलगी.

या वयात जर्मन काहून, हा प्रश्न त्यांना जो तो विचारायचा आणि बाईंकडे प्रत्येकासाठी वेगळं उत्तर होतं. मुख्याध्यापिकांना सांगितलं, शाळेच्या उपयोगी पडेल. यजमानांना सांगितलं, तुमच्या जर्मन मशिनींची पुस्तकं वाचून दाखवीन. शेजारणींना सांगितलं, डॉक्टरनं डोकं गुंतवायले सांगितलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "असंच वं. संध्याकाळी घरात बसवत नाही." मला तेव्हा ते खरं वाटलं.

ते सत्तरच्या दशकातले दिवस. मार्च संपत आला होता आणि ऊन आतापासूनच सोसवेनासं झालं होतं. एका संध्याकाळी सर कागद हलवतच वर्गात आले. जर्मनीतल्या एका विद्यापीठात एक सत्र शिकायला आमच्यातल्या एका विद्यार्थ्याला बोलावणार होते. तिकडचा एक विद्यार्थी आपल्याकडे येणार. खर्च त्यांचा. अर्जासोबत एक पत्र हवं होतं, जर्मनमध्ये: आपल्याला का यायचं आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

त्या संध्याकाळपासून आम्हा कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी आठवड्याभरात पत्र लिहून टाकलं. दोन देशांची मैत्री, संस्कृतींची देवाणघेवाण, मानवजातीचं भवितव्य, सगळं त्यात होतं. सरांनी 'उत्तम' असा शेरा दिला. बाईंचं मात्र पहिलं वाक्यच पुढे सरकेना.

"चाल, एक चक्कर मारू," म्हणून त्या मला शुक्रवारी नावाच्या तलावाकडे न्यायच्या. तलावाला फेरी मारता मारता वाक्य बोलायच्या, मोडायच्या, परत बोलायच्या. कधी शाळेचं कारण, कधी यजमानांच्या मशिनींचं. मला घरी जायचं असायचं, अभ्यास असायचा, पण त्यांचा वेग असा की थांबा म्हणायला त्यांच्या मागे धावावं लागे.

"बाई, कोणतंही एक लिहा ना," मी एकदा वैतागून म्हटलं. "सगळीच कारणं चांगली आहेत."

त्या थांबल्या. "अवं, सगळी खोटी आहेत ना पण."

"मग खरं काय?"

त्या पाण्याकडे वळल्या. मग घाईघाईनं बोलल्या, कुणी ऐकेल की काय अशा. "मॅट्रिक झाली आणि लग्न झालं. बी.ए. बाहेरून केलं, एम.ए. बाहेरून केलं. पुस्तक एका हातात आन् झारा दुसऱ्या हातात. परीक्षा समद्या दिल्या, पण कॉलेजात बसली नाही कधी. इथं आपल्या वर्गातबी बसते, तर कान घराकडंच. पोरगी आली असंन, ते आले असतीन, दूध नासलं असंन. मले एकदा बसायचं आहे वं. दिवसभर. कोणी उठवू नाही मले."

"हेच लिहा," मी म्हटलं.

"हे काय कारण झालं?" असं म्हणत त्या पुन्हा चालू लागल्या. पण लिहिलं त्यांनी तेच. जेमतेम पानभर. माझं वय पस्तीस आहे. मी मुलींना शिकवते, पण स्वतः कॉलेजात कधी बसले नाही. मला एक सत्र फक्त विद्यार्थिनी व्हायचं आहे. जर्मन बोलताना मी अजून चुकते. परत आल्यावर मी शिकवीनच, पण येण्याचं कारण ते नाही.

सरांनी चष्मा वर केला. "बाई, हा अर्ज आहे की गाऱ्हाणं? देशाचं एखादं वाक्य तरी घाला."

"नाही घालत, सर. व्याकरण तेवढं पाहा," बाई म्हणाल्या.

मग वाट पाहणं. एप्रिल गेला. दारा-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारूनही घरं तापलेली. बाई वर्गात यायच्या, उठायच्या, बसायच्या. मीही रोज सरांच्या चेहऱ्याकडे पाहायचे. एके दिवशी सरांनी नाव वाचलं आणि ते बाईंचं होतं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बाई खिडकीशी नुसत्या उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा इतका घाबरलेला होता की मीच त्यांना धरून खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत रजा मागितली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इतकी मोठी रजा नियमात नाही. जायचं तर राजीनामा द्या. कायम नोकरी आहे बाई, लोक त्यासाठी नवस बोलतात."

घरी सांगायचं अजून बाकीच होतं. "तू चाल माझ्यासंग," असं म्हणून बाईंनी मला नेलं. यजमान ड्यूटीवरून येऊन जेवत होते. उंच, अबोल माणूस. बाई स्वयंपाकघरात आत-बाहेर करत राहिल्या आणि पोळी वाढता वाढता एका दमात सगळं बोलून गेल्या. निवड, सत्र, राजीनामा.

यजमानांनी एकच विचारलं. "काहून?"

बाईंनी त्यांना तलावावर मला सांगितलं होतं तेच सांगितलं. त्यांनी घास तसाच ठेवला, हात धुतले, सायकल काढली आणि निघून गेले. मुलगी दारात उभी राहून वडिलांच्या पाठीकडे पाहत होती.

पुढचे काही दिवस ते घरात एक शब्द बोलले नाहीत. बाई वर्गाला येत, पण म्हणत, "राहू दे वं. कळवून देते त्याईले, नाही जमत म्हणून." पण कळवत नव्हत्या.

मग एका संध्याकाळी वर्ग चालू असताना यजमान दारात येऊन उभे राहिले. घामानं भिजलेले, काखेत कागदात बांधलेलं गाठोडं. सर बोलायचे थांबले. बाई उठल्या. यजमानांनी गाठोडं पुढे केलं. आत जाडजूड लोकरीचा स्वेटर होता.

"इतवारीत शोधला. दुकानदार हासून राहिला होता, मे महिन्यात स्वेटर कोण घेते म्हणे." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पुरंन काय वं एवढा? तिकडं थंडी किती असते?"

"पोरीचं काय?" बाईंनी विचारलं.

"मी आहे ना. ड्यूटी बदलून घेतली." ते जायला वळले आणि थांबले. "पण मले ते मशिनीच्या पुस्तकाचं काहून सांगितलं होतं? आधीच खरं सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं काय?"

"म्हटलं असतं," बाई म्हणाल्या.

त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "हो. म्हटलं असतं," एवढं बोलून ते निघून गेले. बाई स्वेटर छातीशी धरून भर उन्हाळ्यात उभ्या.

बाईंनी राजीनामा दिला आणि त्या गेल्या. तिकडून पत्रं यायची, छोटी छोटी. 'दिवसभर बसून असते. वर्गातली पोरं मले तू म्हणतात. पहिल्या दिवशी राग आला, आता बरं वाटते. काल एक पुस्तक सकाळी उघडलं आन् संध्याकाळी संपलं. मधात कोणी हाक मारली नाही. मग मलेच रडू आलं.'

परत आल्यावर जुनी नोकरी मिळाली नाही. कुणाच्या बाळंतपणाच्या रजेत, कुणाच्या आजारपणात, अशा जागांवर त्यांनी वर्षं काढली. पाठीमागून लोक हसायचे. मी एकदा विचारलं, पस्तावा होतो का. "महिन्याच्या अखेरीले होते," त्या म्हणाल्या. "एक तारखेले जाते."

माझं लग्न होऊन मी पुण्याला आले. बाईंच्या घरचे खापरखेड्याच्या वसाहतीत राहायला गेले. पत्रं कमी झाली, मग थांबली. बाई वारल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही त्यांच्या मुलीकडून.

पुढच्या खेपेला नागपूरला गेले तेव्हा खापरखेड्याला जाऊन आले. यजमानांनी दार उघडलं. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं आणि जपून, एकेक अक्षर तोलत जर्मनमध्ये नमस्कार केला, "गुटन टाग."

मी चप्पल काढून आत आले. तेच म्हणाले, "तिले शिकवायले कोणी पाहिजे होतं. मग मीच बसलो. रोज ड्यूटीवरून आलो की घंटाभर. मास्तरीण लय कडक. चुकलं की पहिल्यापासून."

"कुठपर्यंत आलात?"

"अर्ध्या पुस्तकापर्यंत. पुढं मी एकटाच वाचून राहिलो, पण समजून नाही राहिलं." त्यांनी आतून पुस्तक आणलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून पाठ ताठ करून बसले. "तुले वेळ आहे काय वं थोडा?"