अठराव्या मिनिटाला मंदावणारी गाडी

हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झाल्यावर गुरुनाथ शेवाळे कराडला परत जाईल, असं त्याच्या भावांना वाटलं होतं. पण बायको सरोजची चंडीगडच्या इस्पितळात नर्सची नोकरी होती आणि शेतीच्या वाटणीत पडण्यापेक्षा परमुलूख बरा, हे गुरुनाथचं मत होतं. त्याने सेक्टर २२ मध्ये एका कुलचेवाल्याच्या डोक्यावरची खोली घेतली आणि कॉम्प्युटर दुरुस्तीची पाटी लावली. ही गोष्ट २००४ सालची, म्हणजे घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले होते, पण ते बिघडले की लोक अजून टीव्हीसारखी वरून थाप मारून बघत.

गुरुनाथची दुरुस्ती वहीने सुरू व्हायची. वीस वर्षं त्याने विमानांतली उपकरणं दुरुस्त केली होती. तिथे पायलट उतरला की बिघाड वहीत लिहितो. त्याला ते ‘स्नॅग’ म्हणत. आता गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की गुरुनाथ स्क्रू ड्रायव्हरला हात लावायच्या आधी पेन उघडायचा. केव्हा बंद पडतं? चालू केल्यावर किती मिनिटांनी? त्या वेळी काय करत होतात? पंजाबी गिऱ्हाइकं वैतागायची.

“ओ जी, तुसी डॉक्टर हो या मकैनिक?”

“डॉक्टर तरी कुठे एवढं विचारतो?” गुरुनाथ हिंदीत म्हणायचा आणि पुढचा प्रश्न टाकायचा. त्याचं एक म्हणणं होतं. पायलट खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. उरलेलं अर्धं आपण काढून घ्यायचं असतं.

पण हाच माणूस राजाभाऊ देशकरांच्या घरी चुकला, आणि तीही अशी चूक की त्याचे हवाई दलातले साहेब ऐकते तर त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावते.

राजाभाऊ मूळचे अमरावतीचे. इथल्या विद्यापीठात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आदल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र मागे राहिला. फिजिओथेरपिस्ट लीनाने रबरी चेंडू दिला, तो त्यांनी खिडकीतून खाली टाकला. “मी काय कुत्रा आहे, बॉल धरायला?” शेवटी लीनानेच मोटारींच्या शर्यतीचा एक गेम आणून दिला. उजव्या हाताची बोटं बाणांच्या बटणांवर ठेवायची आणि गाडी वळवायची. जन्मभर सायकलवर फिरलेला हा माणूस त्या गाडीच्या प्रेमात पडला. महिन्याभरात मधलं बोट हलू लागलं, मग करंगळी.

आणि एप्रिलमध्ये गाडी मंदावू लागली. आधी वळणावर अडखळायची, मग चित्रं तुटक तुटक यायची, एकदोनदा मशीनच बंद पडलं. गुरुनाथला बोलावलं. तो सकाळी गेला, दोन व्हायरस सापडले, ते काढले, दहा मिनिटं गेम चालवून बघितला. छान पळाला. “झालं सर,” म्हणून तो निघून आला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात विनयावहिनींचा, म्हणजे राजाभाऊंच्या पत्नीचा, फोन आला. आवाज दबका होता.

“गुरुनाथभाऊजी, यांनी खेळणं सोडलं. म्हणतात, मशीन ठीक आहे, माझाच हात उतरतीला लागला. चार दिवस झाले, हात मांडीवर ठेवून बसले आहेत. लीना म्हणते, असाच राहिला तर आखडेल, मग पुन्हा नाही उघडायचा.”

गुरुनाथने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. दहा मिनिटं! विमान जमिनीवर दहा मिनिटं चालवायचं आणि ‘ठीक आहे’ लिहायचं, यावर त्याने किती पोरांना झापलं होतं. जे बिघाड आकाशात होतात ते जमिनीवर दिसत नाहीत, हे शिकवणारा तोच.

तो ऐन दुपारी गेला, मुद्दाम. बाहेर लूचा भाजणारा वारा चालला होता, घरात कूलर घरघरत होता. कॉम्प्युटरचा कॅबिनेट एका बुटक्या टीपॉयवर आडवा निजवला होता, जाळीची बाजू वर.

“ये बाप्पा,” राजाभाऊ म्हणाले. “काहून आला? मशीन तर तू दुरुस्त करून गेलास.”

“सर, एक शर्यत खेळा. मी घड्याळ लावून बसतो.”

“मले नाही खेळायचं.”

“माझ्यासाठी खेळा. मी चुकलोय का ते मला कळायला हवं.”

माणसाला स्वतःसाठी उठवत नाही तेव्हा तो दुसऱ्यासाठी उठतो, हे गुरुनाथला ठाऊक होतं. राजाभाऊ कुरकुरत बसले. दहा मिनिटं गाडी झोकात पळाली. पंधराही झाली. अठराव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज उचकी लागल्यासारखा तुटला आणि गाडी चिखलातून चालल्यासारखी झाली. राजाभाऊंनी बोटं उचलली.

“बघितलंस? थकला हात.”

गुरुनाथने खुर्ची ओढून स्वतः खेळून दाखवलं. गाडी त्याच्याही हातात रांगत होती. “बघा सर, माझे तर दोन्ही हात धड आहेत.”

“तुले खेळता कुठे येते? चार वेळा भिंतीवर गेलास.”

ते खरंच होतं. गुरुनाथने मशीन लगेच पुन्हा सुरू केलं आणि विंडोज यायच्या आत आतल्या निळ्या पडद्यावर प्रोसेसरचं तापमान बघितलं. ब्याण्णव अंश. कोडं उलगडलं. पत्र टाइप करताना प्रोसेसरला फारसं काम नसतं. गेममध्ये मात्र त्याला क्षणभर उसंत मिळत नाही, आणि तो तापतो. फार तापला की जळू नये म्हणून आपणच आपला वेग कमी करतो. त्यानेही भागलं नाही की मशीन बंद पडतं. आता प्रश्न एवढाच, की त्याला गार ठेवणारा पंखा करतोय काय?

त्याने चार स्क्रू काढले. विनयावहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. झाकण उचललं आणि गुरुनाथ तसाच थांबला.

पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांत तांदूळ होते. कुंकवाने लाल झालेले, कूलरच्या दमट हवेने एकमेकांना चिकटलेले. त्यांच्यावर मोगऱ्याच्या सुकून तपकिरी झालेल्या पाकळ्या, आणि सगळ्यावर उदबत्तीच्या काजळीचा तेलकट थर. पंखा गरगरत होता बिचारा, पण हवा जायला वाटच नव्हती.

त्याने वर बघितलं. वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. राजाभाऊंच्या घरात देव्हारा नव्हता. सत्यनारायणाला बोलावलं तर ते प्रसाद खाऊन वर वाद घालून यायचे. वहिनींनी पदराआडून हलकेच मान हलवली. नका सांगू.

गुरुनाथने पाठ वळवून पट्ट्यांवर रुमाल टाकला. “धूळ आहे सर. चंडीगडच्या आंध्या, धुळीची वादळं, तुम्हाला माहीतच आहेत. सगळी आत जाऊन बसली, त्याने मशीन तापतं. हात ठणठणीत आहे तुमचा.”

राजाभाऊ हसले, पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

“गुरुनाथ, मागल्या वेळी तू व्हायरस म्हणालास. आता धूळ म्हणतोस. पुढल्या वेळी आणखी काही म्हणशील. चांगला माणूस आहेस, म्हाताऱ्याले धीर देतोस. पण मी मास्तर आहे रे, पोरं खोटं बोलतात तेव्हा कळते मले. बंद कर ते. कोणाला तरी देऊन टाक.”

गुरुनाथ कात्रीत सापडला. खरं दाखवावं तर वहिनींची लाज जाते, झाकावं तर या माणसाचा हात. वीस वर्षांच्या नोकरीत असा स्नॅग वहीत आला नव्हता.

तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. त्यांनी रुमाल उचलला, बोटाने चिमूटभर तांदूळ खरवडले आणि राजाभाऊंच्या डाव्या तळहातावर ठेवले.

“धूळ नाही. मी घातल्या आहेत या अक्षता.”

राजाभाऊ हाताकडे बघत राहिले. “कॉम्प्युटरला?”

“करंगळी हलली ना तुमची, त्या दिवसापासून. तुम्ही आंघोळीला गेलात की फूल, अक्षता, उदबत्ती. उभ्या खोक्याच्या घसरत्या माथ्यावर फूल राहत नव्हतं, म्हणून आडवा केला. पुस्तकं ठेवायला सोय, असं सांगितलं तुम्हाला.”

“रोज?”

“रोज.”

“काय मागायचीस?”

“मागायचं काय त्यात? असाच चालू दे म्हणायची.”

कूलर घरघरत होता. आता हे उसळणार, असं गुरुनाथला वाटलं. राजाभाऊंनी तांदूळ नाकाशी नेऊन हुंगले, निरखून बघितले. जुनी सवय.

“वा गं विने,” ते म्हणाले. “तापाने फणफणलेल्या माणसाला दुलईत गुंडाळलंस. एप्रिलपासून माझ्याशी लढत होती ती तुझी भक्ती, आणि मी समजत होतो म्हातारपण.”

“हसा आता,” वहिनी म्हणाल्या. डोळे पुसतच म्हणाल्या.

“हसू नाही तर काय करू? गुरुनाथ, खरंच एवढ्याने होते हे?”

“ब्याण्णव अंश होतं, सर. तुमच्या हाताने नाही चढत एवढा ताप.”

मग गुरुनाथने दाढीचा ब्रश काढला. पंखा सोडवला, पट्ट्या एकेक करून साफ केल्या, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला. वहिनींनी मदतीला सुई आणली. अडकलेले दाणे त्यांनीच टोकरून काढले, कोणाला हात लावू दिला नाही. कॅबिनेट उभा केला, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला.

राजाभाऊ पुन्हा बसले. दहा मिनिटं. पंधरा. अठराव्या मिनिटालाही इंजिनाचा आवाज तुटला नाही. गाडी पळत राहिली. पंचविसाव्या मिनिटाला राजाभाऊ गाडीला वऱ्हाडीत शिव्या घालायला लागले, त्यावरून वहिनींनी ओळखलं की ते रमलेत. त्या चहा ठेवायला गेल्या.

एकेचाळिसाव्या मिनिटाला मोठं वळण आलं. राजाभाऊंची करंगळी उशिरा पडली आणि गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली. वहिनी कप घेऊन धावत आल्या, गुरुनाथ मशीनकडे झेपावला.

“हात लावू नको त्याले!” राजाभाऊ ओरडले. “मशीन ठीक आहे. ही चूक माझी आहे. माझी!”

ते असे सांगत होते, जणू विद्यापीठात पहिला नंबर आला होता. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरून बटणांवर नीट बसवला, करंगळीला दटावलं, आणि शर्यत पहिल्यापासून लावली.