आईच्या हातातलं हँडल

वेल्ह्याहून पुण्याला परतताना शिवऱ्याजवळ हायवेवर तो मेकॅनिक भेटला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या जीपचे मागचे आर्म, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवणारे दांडे, मी हौसेनं शहरातल्या एका दुकानात बदलून घेतले होते. कंपनीच्यापेक्षा दणकट! तेव्हापासून वळणावर गाडी मागून हेलकावायची आणि मी रस्त्यांना शिव्या घालायचो.

त्या दिवशी हेलकावे फारच वाढले म्हणून त्याच्या गॅरेजपुढं थांबलो तर त्यानं मागच्या सीटवरच्या आईकडं आधी बघितलं.

"आजींनी दारावरचं हँडल लई घट धरलंय," म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

खालूनच आवाज आला, "आर्म झ्याक हैत. पर गाडी वर टांगूनच बोल्ट आवळल्यात. खाली उतरली तशी आर्मच्या सांध्यातली रबरं पिळली, फाटली."

त्यानं नवी रबरं घातली, बोल्ट नुसते हातानं लावले आणि गाडी चाकांवर उभी केली. मग आम्हाला सामानासकट आत बसवलं.

"आजी, रोज बसता तशा बसा. अवघडून नगं."

आमचं वजन पडल्यावरच त्यानं खाली आडवं होऊन एकेक बोल्ट आवळला. शहरातल्या त्या चकचकीत दुकानात हे कुणालाच सुचलं नव्हतं.

"झाली का नीट?" मी विचारलं.

हात पुसत तो म्हणाला, "मला काय इचारता? आजींचा हात बगा."

पुढच्या वळणावर मी आरशात पाहिलं. आईचे दोन्ही हात मांडीवर होते आणि तिला झोप लागली होती.