जपानी आळीतली मनोरमा

नानासाहेबांना खोट सापडली नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची होती. चिंचवडच्या एका पंपांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. त्यांच्या हातून सदोष माल कधी बाहेर गेला नाही, आणि घरात त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्दही गेला नाही. आमटीचा भुरका मारून ते आधी काय कमी आहे ते सांगत. मनोरमाबाई ऐकून घेत आणि आणखी वाढत. निवृत्तीनंतर दोघं न्यूझीलंडला, ऑकलंडच्या अल्बनी भागात लेकीकडे येऊन राहू लागली, तेव्हा हा माणूस बस वेळेवर येते की नाही ते बघायला थांब्यावर घड्याळ धरून उभा राही. जायचं कुठेच नसे.

लेक ममता गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. तिची टीम एक शहर उभं करत होती, शंभर वर्षांनंतरचं, कुठल्याच नकाशावर नसलेलं. उडत्या गाड्या, इमारतीएवढ्या जाहिराती, अखंड पाऊस. त्यात एक वस्ती जपानहून येऊन स्थायिक झालेल्या लोकांची. नानासाहेब तिला जपानी आळी म्हणत. आळीवर पुलांचे एवढे मजले चढलेले की खाली ना ऊन ना पाऊस, नुसती धूळ. म्हणून तिथली एक म्हातारी दुकानाच्या दारात पाणी शिंपडते, असं ठरलं होतं. जपानात ही जुनी रीत आहे, असं ममताच्या जपानी सहकारिणीनं सांगितलं होतं.

म्हातारीची हालचाल खऱ्या माणसाची घ्यायची होती. ऑफिसातली पोरं कितीही वाकली तरी पंचविशीचीच दिसत. ममतानं आईला नेलं. मनोरमाबाईंना काळा घट्ट पोशाख चढवला, अंगभर हालचाल टिपणारे पांढरे गोळे चिकटवले. त्या इतक्या हसल्या की चित्रण दोनदा थांबवावं लागलं. मग त्यांनी घरी सडा घालत तसंच पाणी शिंपडलं, आणि कोणी न सांगता खाली वाकून चिमटीनं सात ठिपके टाकले. डाव्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पन्नास वर्षांची सवय, हात थांबणार कसा?

गेम बाहेर आला तेव्हा सगळी टीव्हीसमोर बसली. म्हातारीचा चेहरा जपानी, कपडे जपानी, पण वाकणं मनोरमाबाईंचं. नानासाहेबांनी लगेच चष्मा सावरला.

"जपानी बाई रांगोळी कशाला घालेल? चूक आहे ही."

"राहू द्या हो," मनोरमाबाई म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या शहरात कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

ममतानं हसत हसत त्यांच्यासमोरच ते दुरुस्त्यांच्या यादीत टाकलं. नोंद नीट झाली की नाही, तेही नानासाहेबांनी वाकून पाहिलं.

जूनमध्ये, तिथल्या हिवाळ्यात, मनोरमाबाई गेल्या. सकाळी चहा टाकायला उठल्या आणि ओट्यापाशीच कोसळल्या. नानासाहेब पुण्याला परतले नाहीत. रिकाम्या घराचं कुलूप आपल्या हातानं उघडायची त्यांना भीती वाटत होती.

मग एक दिवस त्यांनी नातीकडून, इराकडून, जपानी आळी लावून घेतली. "आजोबा, जस्ट होल्ड दिस. स्वीट ॲज," असं तिथल्या पोरांच्या भाषेत 'झकास' म्हणत तिनं शिकवलं. रोज सकाळी चहा झाला की ते आळीत जात आणि दुकानासमोर थांबत. घरात मनोरमाबाईंचे फोटो ढीगभर होते, पण प्रत्येकात त्या कॅमेऱ्याकडे बघत ताठ उभ्या. गुडघ्यावर हात टेकून उठणारी बायको एवढ्या जगात फक्त त्या आळीत उरली होती. ती चूक त्यांना जिवापलीकडे प्रिय झाली. यादीचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

सप्टेंबरात एका सकाळी म्हातारीनं पाणी शिंपडलं आणि ती सरळ दुकानात निघून गेली. नानासाहेबांनी पुन्हा पाहिलं. नऊ वेळा पाहिलं. मग ममताला हाक मारली.

ममतानं ऑफिसात फोन केले. टीममधल्या कोणीतरी यादी हातावेगळी केली होती, आणि मूळ चित्रण कधीच पुसून टाकलं होतं. फोन ठेवून ती म्हणाली, "बाबा, मी ती नोंद काढायला विसरले."

"नोंद माझी होती," नानासाहेब म्हणाले. "आणि बरोबर होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तांब्या घेतला आणि घरासमोरच्या ड्राइव्हवेवर पाणी शिंपडलं. पापाटोएटोच्या भारतीय दुकानातून मनोरमाबाईंनी आणलेली रांगोळी अजून डब्यात होती. कसेबसे वाकून त्यांनी सात ठिपके टाकले, मोजून, सारख्या अंतरावर. आणि हात तिथेच थांबला. आळीतली म्हातारी ठिपके टाकून झाले की उठायची, पुढची रांगोळी तिथे नव्हतीच. एकतीस वर्षं ते दारातली रांगोळी ओलांडून पहिल्या पाळीला गेले होते. साऱ्या जगाची तपासणी केलेल्या माणसानं ती एकदाही खाली मान घालून पाहिली नव्हती.

ममता दारात येऊन उभी होती.

"ह्याच्यापुढे काय काढायची गं ती?"

"मी उठेपर्यंत पायांखाली पुसलेली असायची, बाबा."

नानासाहेबांनी उठायला डाव्या गुडघ्यावर हात टेकला, आणि तसेच वाकलेले रडू लागले.