माइक बंद असताना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. परदेशी ग्राहकाच्या कॉलवर ज्या उत्तरांमुळे कंपनीत माझं नाव झालं, ती उत्तरं माझी नव्हती.

लॉकडाउनमध्ये घरून काम सुरू झालं. माझा मित्र साक्रीकडच्या खेड्यातला, तिथे रेंज नाही, म्हणून तो धुळ्याला माझ्या घरी राहायला आला. कॉलेज एक, डिग्री एक, टीमही एकच. फरक फक्त इंग्रजीचा. मी फाडफाड बोलायचो, त्याची जीभ अडायची. मग आपोआप एक पद्धत पडली. ग्राहकाने अडचण सांगितली की मी माइक बंद करायचो आणि तो शेजारून अहिराणीत म्हणायचा, "त्यासले सांग, सर्व्हर चांगला शे, आपली क्वेरी चुकेल शे." माइक चालू करून मी तेच इंग्रजीत सांगायचो, जरा विचार केल्यासारखा थांबून. ते थांबणंही लोकांना आवडायचं.

"तोंड तुन्हं, डोकं मन्हं," तो हसायचा. "पण भाऊ, दात घासीसन ये, कॅमेरा चालू शे."

पुढे टीम कमी करायची ठरली. तो नात्यातल्या लग्नाला गावी गेलेला असताना पुण्याहून साहेबांचा फोन आला. "तुमचा मित्र कॉलवर कधी बोलत नाही. ग्राहकासमोर उभा राहील का?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग पुढचा प्रश्न माझ्याबद्दल आला असता. मी म्हणालो, "काम ठीक आहे सर, पण कम्युनिकेशन कमी पडतं."

त्याला काढलं. कपडे न्यायला आला तेव्हा माझाच उतरलेला चेहरा बघून म्हणाला, "जाऊ दे भाऊ. बठ्ठासले, सगळ्यासले बोलणाराच लागतस." मी चहा ठेवला.

आता मी मॅनेजर आहे. जळगावच्या एका कॉलेजात मला सॉफ्ट स्किल्सवर बोलायला बोलावतात. जातो, बोलतो, परतीच्या गाडीत डोळे मिटून बसतो. तो सुटी कामं घेतो, मुलाखती देतो. आधीची नोकरी का गेली, असं विचारलं की सांगतो, "माझं कम्युनिकेशन कमी पडतं." साहेबांनी त्याला कारण म्हणून माझेच शब्द दिले होते.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "इंग्रजीचा क्लास लावू का रे? या वयात?"

"लाव," मी म्हणालो.

ते शब्द माझे होते, आणि मी ते स्वतःला वाचवायला बोललो होतो. एवढं त्याला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.