अनोळखी पाकीट

टपाल आलं की कचेरीतले मामा अनोळखी नावाचं पाकीट आधी फोडायचे. "वळकीची मानसं परत लिवत्यात, सायेब. अनोळखी एकदाच लिवतंय," असं म्हणायचे. मलकापूरच्या आमच्या कचेरीत आल्या-गेल्या कागदाची नोंद या फौजेतून आलेल्या माणसाकडे होती. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल, कागद हातात घेताना सावरून बसणारा.

पुढे टपाल ईमेलवर आलं. त्याची वर्गवारी करणारं सॉफ्टवेअर मी बसवलं. सोबतची माहितीपुस्तिका म्हणायला मराठीत होती. मामांनी ती चष्मा पुसून पुसून वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे आले. 'अपरिचित प्रेषकांची पत्रे पूर्वनिश्चित जागी जातील.'

"पूर्वनिश्चित म्हंजी कुणी ठरवलं? आपन तर काय ठरवलं न्हाई."

"कंपनीनं ठरवलंय, मामा. आहे तसं राहू द्या."

"ऱ्हाऊ द्या. तुमी बघितलंय न्हवं?"

बघितलंय, म्हणालो. मी ते पान उघडलंही नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात मामींच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख यायची होती. पुण्याच्या दवाखान्यानं ईमेल मागितला, तेव्हा मामांनी कचेरीचा दिला. दिवसभर त्याच्यासमोरच तर बसायचे. रोज मला विचारायचे. आलं असतं तर दिसलं असतं, असं मी रोज सांगायचो. तीन आठवड्यांनी त्यांनी फोन लावला, तर तारीख होऊन गेली होती. उत्तर आलं नाही म्हणून जागा दुसऱ्या पेशंटला दिली होती.

मग मी शोधलं. 'इतर' नावाच्या मिटलेल्या कप्प्यात ते पत्र पडून होतं, वर 'वाचले' अशी आपोआप झालेली खूण. मामांना म्हणालो, वाटेत अडकलं होतं, आत्ता आलं.

"सायेब, लय बरं झालं घावलं," ते म्हणाले, आणि पुन्हा फोनला लागले.

पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. मामी गणपतीतच गेल्या.

मामांनी नोकरी सोडली. पाटणकडच्या त्यांच्या गावी मी एकदा जाऊन आलो. खुंटीला एक भरलेली पिशवी होती. वरून टॉवेल आणि स्टीलचा पेला दिसत होता.

"तारीख कवा बी यील म्हनून तिनंच भरली हुती," मामा म्हणाले. "अजून सोडली न्हाई."

त्यांची मेहुणी चहा घेऊन आली. मामांनी तिला माझी ओळख करून दिली.

"हेच ते सायेब. पत्र ह्यांनीच हुडकून दिलं."

मी मान डोलावली आणि कप घेतला.