खांबाला बांधलेले टप्पे

इटलीत क्रेमोनाजवळच्या आमच्या गोठ्यात ऐंशी गाई आहेत आणि त्या नछत्तरसिंगशिवाय कुणाला जुमानत नाहीत. यंत्र लावण्याआधी सड पुसताना तो पंजाबातल्या आपल्या गावचे टप्पे, दोन-दोन ओळींची लोकगीतं, म्हणतो आणि गाई पान्हा सोडतात. मी शेण ओढतो. मी गायलो की त्या लाथा झाडतात, म्हणून मला गप्प राहायची ताकीद आहे. गुरुद्वारात त्याच्यापेक्षा गोड गळ्याचे, कीर्तन गाणारे रागी आहेत, तिथे त्याला कुणी विचारत नाही. गोठ्यात मात्र अकरा वर्षं त्याचंच राज्य.

फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढावी लागेल, आवाज जाऊही शकतो. तेव्हापासून त्याला घास गिळवेना.

"जग्गी, गाईंनी पान्हा चोरला तर मालक ठेवील का मला? नोकरी गेली की राहायचा परवाना गेला. शिंदरला नि पोरींना घेऊन जाऊ कुठे?"

"वीरजी, तुम्ही नुसते उभे राहिलात तरी ओळखतील त्या. माझ्यासारख्या आहेत का बेइमान?"

तो हसला नाही.

शेवटी युक्ती त्यानेच काढली. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्याने जुना फोन खांबाला बांधला आणि धारा संपेपर्यंत ठेवणीतले सगळे टप्पे त्यात भरले. एकेका गाईला नावाने हाक मारली.

"मी येईपर्यंत यांची आबाळ नको," म्हणाला.

तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा घशातून नुसती हवा येत होती. दारातच थबकला. आत फोनला जोडलेल्या भोंग्यातून त्याचाच आवाज गात होता, एक नवा गडी सड पुसत होता आणि नळ्यांतून दूध धो धो वाहत होतं.

तो आपल्या लाडक्या बियांकाजवळ गेला. कानाशी तोंड नेऊन त्याने तिला हाक मारली. ती दचकून मागे सरली. तेवढ्यात भोंग्यातल्या नछत्तरने "बियांका" म्हटलं आणि तिने मान तिकडे वळवली.

म्हातारा मालक फेरुच्चो हसत आला. "अरे, एवढी घाई कशाला केलीस? सावकाश बरा हो. इथं तुझ्यावाचून काही अडत नाही."

नछत्तरने माझ्याकडे पाहिलं. इतका घाबरलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. फोन बंद करायला त्याने हात वर नेला, आणि गाई बिचकतील म्हणून तसाच खाली घेतला.