मंचाच्या मागच्या बाजूला

अंगणवाडीत पोरांच्या ताटल्यांत खिचडी वाढत होते, तेव्हा फोन वाजला. सुगंधाचा भाऊ यवतमाळच्या दवाखान्यातून बोलत होता. "पुष्पाताई, सुगंधा गेली," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मी हातातला चमचा खाली ठेवला नाही. समोर पोरं ताटल्या धरून बसली होती, त्यांना वाढत राहिले. सगळ्यांचं वाढून झाल्यावर मागच्या खोलीत गेले आणि मग मात्र मला आवरलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले की तिचं हृदय कधीचंच कमजोर झालेलं होतं, तिने ते अंगावर काढलं. आणि रडता रडताच माझ्या मनात आलं, आता मंगेशला हे कुणी सांगायचं? तिच्या पोराचा नंबर माझ्याच फोनमध्ये होता. सुगंधा स्वतःजवळ फोन ठेवत नसे. "मायाशी बोलाचं असन तं घरी येतीन लोक," म्हणायची.

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा भिंतीपलीकडून पहिला आवाज आला तो तिचा, "नवी बाई, मीठ आहे काय वो?" मीठ तिच्या घरात भरपूर होतं, तिला फक्त माझं तोंड पाहायचं होतं! तिचा नवरा लवकर गेला. त्यानंतर लोकांच्या वावरात निंदण, वेचणी करून तिने मंगेशला वाढवलं. बाई कष्टाळू, हसरी, पण जिभेला लगाम म्हणून नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि पोरगा तिच्याच वळणावर गेलेला, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

मंगेशला तिने यवतमाळला आयटीआयला घातलं. जयंतीच्या मिरवणुकीत तो लहानपणापासून ताशा वाजवायचा, तिकडे त्याला ड्रमचा नाद लागला. गिटारवाली, माउथ ऑर्गनवाली चार पोरं भेटली आणि त्यांनी बँड काढला. आपली वऱ्हाडी गाणी, बैलांची, पांदणवाटेची, बाजाराची, पण गिटार आणि ड्रमवर. आयटीआय सुटलं. हे कळलं तशी सुगंधा पहिल्या एसटीने त्याच्या खोलीवर जाऊन थडकली आणि सगळ्या मित्रांदेखत म्हणाली, "तुया बापाच्या मांगं लोकायच्या वावरात कापूस वेचून तुले मोठं केलं, ते डबडे बडवासाठी काय रे?" मंगेश शांतपणे म्हणाला, "तू मले आयकाले येशीन, तवाच मी घरी येईन." ती तशीच परतली. त्यानंतर दोन दिवाळ्या त्याच्याविना गेल्या. सणाला ती त्याच्या वाटणीचं करायची, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पोरांना आणून द्यायची.

ती वर्षं कशी होती, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. बोंडअळीने बोंडं पोखरली होती, कापसाच्या भावाचं कुणी नाव काढत नव्हतं, बाया सोडल्या तर गावात कुणी कुणाशी मोकळं बोलत नव्हतं. बाहेरचे लोक आमच्या तालुक्यात यायचे ते कॅमेरे घेऊन, कुणाच्या घरी कोण मेलं ते विचारायला. कुणी गायला येत नव्हतं. म्हणून त्या हिवाळ्यात राळेगावला विहारासमोरच्या मैदानात यवतमाळच्या पोरांचा बँड येणार हे कळलं, तेव्हा मला आधी नवल वाटलं आणि मग ध्यानात आलं, हा तर मंगेशचाच बँड. सुगंधाला मीच सांगितलं. ती भाकर थापत राहिली. दुसऱ्या दिवशी वेचणीवरून लवकर आली, अंगणात पाय धुतले, आणि म्हणाली, "चाल वो. पण त्याले फोन नोको करू."

भारनियमनामुळे कार्यक्रम दुपारी चारला ठेवला होता. आम्ही बऱ्याच आधी पोचलो. मैदानात नुसतं तख्त उभं होतं, कापड लागलेलं नव्हतं. आमच्याकडे विहारापुढच्या मंचाचं तोंड नेहमी विहाराकडे असतं, विहाराला पाठ करून कुणी गात नाही. तेव्हा आम्ही दोघींनी डोळे झाकून विहाराच्या बाजूला, तख्ताला अगदी लागून, वेचणीत कमरेला बांधतो ते फडकं अंथरलं आणि ऐटीत बसलो. मंगेश अजून पोचायचा होता आणि बाकीची पोरं शहरातली, त्यांना ही रीत कुठून माहीत असणार? डोळ्यांवर ऊन येतं म्हणून त्यांनी सगळं सामान उलट्या तोंडाने मांडलं. माणसं पलीकडच्या बाजूला जमू लागली आणि आम्ही दोघी शहाण्या राहिलो मंचाच्या पाठीमागे!

मी उठले. म्हटलं, "चाल, समोर जाऊ." ती उठली नाही. "मले जराशी थकल्यावानी वाटून राह्यलं," ती म्हणाली, "इथूनच आयकू." तिचा चेहरा उतरला होता, पण दिवसभर वावरात वाकलेल्या बाईचा चेहरा उतरलेलाच असतो. मी पुन्हा बसले. आणि मग मंगेश आला. ड्रमवाला सगळ्यात मागे बसतो हे आम्हाला कुठे ठाऊक? मागचा पडदा वाऱ्याने फडफडतो म्हणून पोरांनी तो काढून टाकला होता. दोन वर्षांनी दिसलेला तिचा पोरगा आमच्यापासून हातभर अंतरावर बसला... आमच्याकडे पाठ करून.

मी हाक मारणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. "वाजवू दे त्याले. मांगं पाहीन तं हात चुकीन त्याचा." मग पहिलं गाणं सुरू झालं. पलीकडे माणसं शिट्ट्या मारत होती, म्हातारे टोप्या उडवत होते. किती दिवसांनी आमची माणसं अशी ओरडत होती! सुगंधा एकदाही हलली नाही. शेवटचं गाणं झाल्यावर गर्दी मंचावर चढली, पोरांना खांद्यावर घेतलं. मी म्हटलं, आता तरी जा. तर म्हणते, "आता गेली तं सगळ्यायसमोर रडीन मी. पोराची इज्जत जाईन. वेचणी सरू दे, मंग घरी बोलावून सांगीन." परतीच्या एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली ती उतरेपर्यंत.

वेचणी सरायच्या आत ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर मंगेश ओट्यावर बसला होता. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "मावशी, तिनं मले कवाच आयकलं नाई न?" मी त्याला राळेगावचं सगळं सांगितलं. त्याला वाटलं मी समजूत काढतेय. मग मी म्हटलं, "अरे, तिनं तख्ताच्या फळीवर हात ठेवला होता. तू वाजवलं की फळी हाले, ते तिच्या हाताले लागे. शेवटपर्यंत हात काढला नाई तिनं. मले म्हणे, पाहाय वो, पोटात होता तवा असाच हाले."

"म्हणजे... मले तवाच घरी येता आलं असतं," तो म्हणाला. आणि मग तो जो रडला, तसं रडताना मी मोठ्या माणसाला पाहिलं नाही.

आता तो दर शनिवारी तिच्या घरी येतो. दिवा लावतो, स्वतः भाकर थापतो, वाकडीतिकडी. मी भाजी घेऊन जाते तेव्हा तो जेवायला बसलेला असतो, उघड्या दाराकडे पाठ करून. पहिल्यांदा मी म्हटलं, अरे, उजेडाकडे तोंड कर, ताटात काय आहे ते तरी दिसेल. तो म्हणाला, "असू दे, मावशी," आणि तसाच जेवत राहिला.